नवी प्रजाती कशी तयार होते? नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या विज्ञान मेळाव्यांत, जंगलभ्रमंतीत आणि कपाशीच्या बांधावर लोक मला उत्क्रांतीबद्दल जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं शक्यतो विदर्भातली आहेत. गॅलापागोस बेटांवरचे फिंच पक्षी पुस्तकातून मुलांना पाठ होतात, पण तितकीच चांगली उदाहरणं आपल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आणि संत्र्याच्या बागेत आहेत, आणि ती त्यांना कोणी दाखवत नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

नवी प्रजाती तयार होते म्हणजे नक्की काय होतं?

एका प्रजातीचे दोन गट पडतात. त्यांच्यातली जनुकांची देवाणघेवाण थांबते. ती इतका काळ थांबून राहते, की पुढे कधी ते गट समोरासमोर आले तरी त्यांची वीण जुळत नाही, किंवा जुळली तरी वंश पुढे चालत नाही. देवाणघेवाण थांबणं हा या सगळ्याचा गाभा आहे. रंग, आकार, चोच, आवाज यांतले फरक डोळ्यांत भरतात म्हणून आपण त्यांच्यामागे धावतो, पण ते या थांबण्याची कारणं तरी असतात किंवा परिणाम तरी.

वेगळ्या पडलेल्या प्रत्येक गटात आपापले बदल साचत जातात. जनुकांत सतत लहानसहान फेरफार होत असतात. त्यातले काही तिथल्या हवापाण्यात, तिथल्या अन्नावर जगायला उपयोगी पडतात आणि टिकतात, हीच नैसर्गिक निवड. काही बदल निव्वळ योगायोगाने पसरतात, आणि गट जितका लहान तितका योगायोगाचा हात मोठा. चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये निवडीचं तत्त्व सविस्तर मांडलं. पण एकाच्या दोन प्रजाती नेमक्या कशा होतात, याची घडी बरीच नंतर, थिओडोसियस डोब्झान्स्की आणि अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञांच्या १९३७ आणि १९४२ मधल्या कामानंतर नीट बसली.

मग नव्या प्रजातीचं पहिलं पिल्लू कोणत्या आईच्या पोटी जन्मलं?

प्राण्यांच्या बाबतीत असं पहिलं पिल्लू बहुधा नसतंच. महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या आईच्या मांडीवर अचानक मराठी बोलणारं मूल कधी जन्मलं नाही. प्रत्येक पिढीला आपल्या आईची भाषा नीट कळत होती, तरी शेकडो वर्षांनी दोन टोकं वेगळी झाली. इथेही तसंच होतं. बदलतो तो सगळा गट, आणि प्रत्येक पिल्लू आपल्या आईबापांच्याच प्रजातीचं असतं.

वनस्पतींत मात्र एका पिढीत नवी प्रजाती उभी राहू शकते. ते पुढे कपाशीच्या प्रश्नात आलं आहे.

दोन जीव एकाच प्रजातीचे की वेगळ्या, हे कसं ठरवतात? दिसण्यावरून?

दिसण्यावर भरवसा ठेवू नका. दोन्ही बाजूंनी फसायला होतं.

नागपुरात कुठल्याही वस्तीत गावकावळा आणि डोमकावळा एकाच उकिरड्यावर दिसतात. गावकावळ्याची मान राखाडी, डोमकावळा सगळा काळा आणि चोचीने जाड. अंगणातल्या माणसाला दोघेही कावळेच, पण ते जोड्या आपापल्यातच लावतात. दोन प्रजाती आहेत.

आता उलट उदाहरण. लिंबाच्या, संत्र्याच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडाभोवती कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू घिरट्या घालतं. नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ असते. मादी मात्र तीन वेगवेगळ्या रूपांत येते. एक हुबेहूब नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही 'रोझ' पक्ष्यांना खायला बेचव, त्यामुळे त्यांचं सोंग घेणारी मादीही वाचते. पाहणाऱ्याला वाटतं तीन प्रजाती उडताहेत, पण ते एकच कुटुंब असतं. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की हे सगळं रूपांतर 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या प्रतींवर चालतं. नर तिन्ही रूपांच्या माद्यांशी जुळतो, म्हणून प्रजाती एक.

मायर यांची व्याख्या यावरच उभी आहे: निसर्गात आपापसांत प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेला गट म्हणजे प्रजाती. ती सगळीकडे लागू पडत नाही. जीवाणू दुभागून वाढतात, तिथे ती अडते. जीवाश्मांची वीण तपासता येत नाही, तिथेही अडते. अशा वेळी हाडांची ठेवण, डीएनए, आवाज, राहण्याची जागा असे सगळे पुरावे एकत्र पाहावे लागतात. निसर्गात प्रजाती हळूहळू तुटत असतात, तेव्हा मधल्या टप्प्यावर रेघ मारणं कठीण जाणारच.

हा सगळा शास्त्रज्ञांचा वाद झाला. सामान्य माणसाला त्याचं काय?

हिवतापाचं उदाहरण घ्या. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनोफेलिस क्युलिसिफेसिस. वरून एकच वाटणारा हा डास प्रत्यक्षात पाच सख्ख्या बहिणींसारख्या प्रजातींचा समूह आहे, त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं दिली आहेत. डोळ्यांनी त्या ओळखू येत नाहीत, गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या जनुकं वाहणाऱ्या धाग्यांच्या, तपासणीतून आल्या. यातला 'बी' हिवताप फारसा पसरवत नाही, बाकीचे पसरवतात. एखाद्या गावात डास भरपूर आहेत, पण ते कोणत्या प्रजातीचे, यावर तिथला धोका ठरतो. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावाला हा फरक पुस्तकी वाटणार नाही.

घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, वाघ-सिंहाचीही पिल्लं होतात. मग त्या एकाच प्रजाती नाहीत का?

पिल्लू होणं पुरेसं नाही, त्याचा वंश पुढे चालायला हवा. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराच्या वाट्याला येतात ६३. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांना जोडीदार लागतो, तो नीट मिळत नाही आणि खेचर वांझ राहतं.

गुणसूत्रांचा आकडा किती झपाट्याने बदलू शकतो याचं थक्क करणारं उदाहरण पेंचच्या जंगलात चरत असतं. आपल्या भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७ गुणसूत्रं असतात. चीनमधल्या त्याच्या जवळच्या नातेवाईक भेकरात ४६! दोघं दिसायला बरेचसे सारखे. गुणसूत्रं एकमेकांना चिकटत चिकटत इतकी कमी झाली.

आकडा सारखा असला तरी अडचण येऊ शकते. एका गटात एक जनुक बदललं, दुसऱ्यात दुसरंच. आपापल्या घरात दोन्ही बदल निर्धोक, कारण बाकीची जनुकं त्यांच्याशी जुळवून घेतलेली. संकरात मात्र हे दोन बदल पहिल्यांदाच एकत्र येतात आणि त्यांचं पटत नाही. वाघ-सिंहाच्या संकरात नर वांझ असतात, माद्या कधीकधी नसतात. संकरात दोष दिसला तर तो आधी त्या लिंगात दिसतो ज्याची लिंगगुणसूत्रं दोन वेगळ्या प्रकारची असतात (वाघ-सिंहात नराची), हा नियम जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला. हे तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. शिवाय वाघ-सिंहाचे संकर पिंजऱ्यातले. रानात दोघांची गाठ पडत नाही.

गट वेगळे पडतात कशामुळे?

सर्वात सरळ कारण भूगोल. मध्ये समुद्र येतो, डोंगर उठतो, जंगल तुटतं.

भारताचा भूखंड कोट्यवधी वर्षं समुद्रात एकटा होता. मादागास्करपासून तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला, सेशेल्स बेटं त्याहून उशिरा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या काळात. सह्याद्रीच्या दक्षिण भागात वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा एक जांभळा बेडूक २००३ मध्ये विज्ञानाला माहीत झाला, नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. त्याचे आजचे सर्वात जवळचे नातेवाईक सेशेल्सवर आहेत. मध्ये अरबी समुद्र. त्या दोघांच्या घराण्यांची ताटातूट भूखंड तुटण्याच्या त्या जुन्या काळाशी जोडली जाते.

त्याच ज्वालामुखींच्या लाव्हावर नागपूरचा पश्चिम भाग उभा आहे. सीताबर्डीची टेकडी म्हणजे तोच काळा बेसाल्ट. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती आणि त्यांच्या गाळात गोगलगायींचे, वनस्पतींचे जीवाश्म राहिले. १८५० च्या दशकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरातल्या टाकळीचे असे जीवाश्म गोळा करून जगापुढे आणले. हिस्लॉप कॉलेजचं नाव रोज घेणाऱ्या शहरात हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

भूगोलाने वेगळं करण्याचं सर्वात देखणं उदाहरण हिवाळ्यात आपल्या झाडांवर येतं. ग्रीनिश वॉर्बलर, बोटभर लांबीचा हिरवट वटवट्या. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि त्याच्या पलीकडे वीण करतो. तिबेटचं उजाड पठार त्याला राहण्याजोगं नाही, म्हणून त्याची वस्ती पठाराला वळसा घालून दोन बाजूंनी उत्तरेकडे पसरली. शेजारचे गट एकमेकांत मिसळतात, गाणं थोडं थोडं बदलत जातं. पण दोन्ही फांद्या मध्य सायबेरियात जिथे भेटतात, तिथे एका बाजूचा नर दुसऱ्या बाजूचं गाणं ओळखत नाही आणि वीण जवळजवळ होत नाही. २०१४ मधल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं, की या वर्तुळात पूर्वी काही ठिकाणी खंडही पडले होते, म्हणजे चित्र वाटलं होतं तितकं अखंड नाही. मला यामुळे उदाहरण कमजोर झालं असं वाटत नाही. फूट पडते कुठे आणि सांधते कुठे, हे त्यामुळे जास्त बारकाईने दिसलं.

मध्ये डोंगर-समुद्र काही नसेल, एकाच जागी राहत असतील, तरी दोन प्रजाती होतात का?

होतात, पण अवघड असतं. कारण एकाच जागी राहणाऱ्यांत मिसळण सतत चालू राहते आणि ती फरक पुसत जाते.

अमेरिकेत हॉथॉर्न नावाच्या रानफळावर वाढणारी एक माशी आहे. युरोपीय लोकांनी तिथे सफरचंदं नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काही माश्या सफरचंदांवर जाऊ लागल्या. या माश्या आपल्या फळावरच जोडी जमवतात, आणि दोन्ही फळं पिकण्याच्या वेळा वेगळ्या. म्हणजे एकाच बागेत राहूनही भेट टळते. आज दोन्ही गटांत जनुकीय फरक मोजता येतो. पूर्ण फूट अजून पडलेली नाही.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० प्रजाती आहेत, आणि हे सरोवर साधारण १५,००० वर्षांपूर्वी आटून पुन्हा भरलं. माद्या नराच्या रंगावरून जोडीदार निवडतात. पाणी गढूळ झालं तिथे रंग दिसेनासे झाले आणि वेगळ्या होऊ घातलेल्या प्रजाती पुन्हा एकमेकांत मिसळल्या. पाणी घाण करून आपण प्रजाती पुसून टाकू शकतो, मासे न मारताही.

भाऊ, देशी पऱ्हाटीवर अमेरिकन पऱ्हाटीचा पराग टाकला तर बोंड का धरत नाही?

काटोलकडे एका शेतकऱ्याने विचारलेला हा प्रश्न या पानावरचा मला सर्वात आवडणारा. याचं उत्तर म्हणजे नवी प्रजाती एका झटक्यात कशी तयार होते, त्याची अख्खी गोष्ट आहे.

आधी दोन्ही फुलं जवळून पाहा. अमेरिकन कपाशीचं फूल उमलतं तेव्हा मलईच्या रंगाचं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. देशी कपाशीचं फूल पिवळं, पाकळीच्या बुडाशी बहुधा गर्द जांभळट-लाल डाग. देशी बोंड लहान, साधारण तीन कप्प्यांचं, खाली मान घातलेलं. अमेरिकन बोंड मोठं, चार-पाच कप्प्यांचं. दोन्हींचा कापूस आपण एकाच गाडीत भरतो, पण पेशीत डोकावलं तर देशीत, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियममध्ये, २६ गुणसूत्रं सापडतात आणि अमेरिकनमध्ये, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटममध्ये, ५२.

ही दुप्पट कुठून आली? कपाशीची दोन घराणी फार पूर्वी वेगळी झाली. एक आफ्रिका-आशियाच्या बाजूचं, आपली देशी कपाशी त्यातली. दुसरं अमेरिकेतलं, त्यातली पेरू देशातली एक रानटी कपाशी महत्त्वाची. अमेरिकेतल्या त्या रानटी कपाशीला सूत काढण्याजोगा धागा नव्हता. सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी, माणसाचा हात लागण्याच्या खूप आधी, आफ्रिकी-आशियाई घराण्याचं बी समुद्रापार अमेरिकेत पोचलं आणि दोघींचा संकर झाला. असा संकर एरवी वांझ. बीजपेशीत गुणसूत्रं निम्मीच येतात, म्हणून एका बाजूची १३ आणि दुसऱ्या बाजूची १३ गुणसूत्रं, एकमेकांना अनोळखी, जोडी कोणाची कोणाशी लावणार? पण त्या संकरात गुणसूत्रं दुप्पट झाली. पेशी विभागताना चुकली आणि प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब जोडी तयार झाली. २६ चे ५२. आता प्रत्येकाला जोडीदार मिळाला, बी धरू लागलं, आणि जन्मतःच ही रोपं दोन्ही आईबापांपासून तुटली. आज जगात पिकणारा बहुतांश कापूस त्या एका अपघाताचा वंश आहे.

आता तुमच्या बांधावर या. देशीची बीजपेशी १३ गुणसूत्रांची, अमेरिकनची २६ ची. एकत्र केले तर ३९. बहुतेक वेळा बोंडच गळतं. प्रयोगशाळेत उपचार करून रोप जगवलं तरी १३ गुणसूत्रं जोडीदारावाचून उरतात आणि रोप वांझ. तुमचा पराग खराब नव्हता, हातही चुकला नव्हता. दोन प्रजातींमधली भिंत तुमच्या हाताला लागली.

१९४० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी हा अपघात मुद्दाम घडवून पाहिला. देशी कपाशी आणि अमेरिकेतली एक रानटी कपाशी यांचा संकर केला, कोल्चिसिन नावाच्या द्रव्याने त्याची गुणसूत्रं दुप्पट केली, आणि तयार झालेलं रोप अमेरिकन कपाशीशी जुळलं. कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीतही असतं, म्हणून तर ती विषारी.

गुणसूत्रं दुप्पट होणं वनस्पतींत दुर्मीळ नाही. फुलझाडांत नव्या प्रजाती जन्मण्याच्या घटनांपैकी सुमारे १५ टक्के या मार्गाने झाल्याचा अंदाज आहे. कपाशीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरातच, वर्धा रोडवर आहे, आणि देशी कपाशी टिकवण्याचं काम तिथे चालतं. रोग आणि कोरड सोसणारी ही प्रजाती आपण हातची घालवू नये असं मला कळकळीने वाटतं.

आपला संत्रा ही वेगळी प्रजाती आहे का? आणि कलम केलं की नवी प्रजाती होते का?

कलमाचं आधी. नाही. जंभेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला, तर खाली जंभेरी राहते आणि वर संत्रा. अन्नपाणी एक होतं, पण बियांत जाणारी जनुकं वरच्या फांदीचीच. खुंटाला फूट आली आणि ती काढली नाही, तर तिला जंभेरीच लागेल, हे प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे.

संत्रा मँडरिन गटातला. लिंबूवर्गाची मूळ घराणी थोडी आहेत, त्यातली मुख्य मँडरिन, पपनस आणि महाळुंग. मोसंबी ही मँडरिन आणि पपनस यांच्या मिश्रणातून आली, मोठं पिवळं लिंबू आंबट नारिंग आणि महाळुंग यांच्या संकरातून. आज खाल्ल्या जाणाऱ्या बहुतेक मँडरिन वाणांतही पपनसाचा अंश आहे. २०१८ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानुसार या कुळाचं मूळ घर हिमालयाचा आग्नेय पायथा, साधारण ८० लाख वर्षांपूर्वीचं.

एवढं सहज मिसळतात, तर त्या वेगळ्या प्रजाती कशा? प्रश्न रास्त आहे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्यावर अजून भांडतात. लिंबूवर्गात भिंती पातळ आहेत. त्यात नागपुरी संत्र्याच्या एका बीतून अनेकदा एकाहून जास्त रोपं उगवतात, आणि त्यातली बरीचशी परागाशिवाय तयार झालेली, आईची हुबेहूब नक्कल असतात. त्यामुळे एखादा संकर जमला की तो तसाच पिढ्यानपिढ्या टिकतो. नागपुरी संत्रा हा एक उत्तम वाण आहे. स्वतंत्र प्रजाती नव्हे.

बीटी कपाशीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी ही नवी प्रजाती आहे का?

नाही. उत्क्रांती मात्र आहे, आपल्या डोळ्यांदेखत झालेली. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याचा फटका सोसला. तरी हे पतंग बाकीच्या पतंगांशी जुळतात, म्हणून प्रजाती तीच.

बांधाकडेने बिगर बीटी कपाशी लावायला सांगायचे ते याच मिसळणीच्या भरवशावर. तिथे साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि प्रतिकार पातळ होत राहतो. ते बियाणं बांधावर न लावता फेकून दिलं की प्रतिकारक अळीला मोकळं रान मिळायचं.

पेंच आणि ताडोबाचे वाघ पुढे दोन वेगळ्या प्रजाती होतील का?

हा प्रश्न जिप्सीत बसलेल्या मुलांकडून नेहमी येतो. उत्तर: त्यांच्यातली ये-जा चालू आहे तोवर होणार नाहीत. नागझिऱ्याचा जय उमरेड-कऱ्हांडल्यात आला. यवतमाळमधल्या टिपेश्वरचा वॉकर २०१९ मध्ये भटकत बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, एकूण चाल जवळपास ३,००० किलोमीटर. असे वाघ अंगात जनुकं घेऊन फिरतात. लोकसंख्येच्या जनुकशास्त्रातला ढोबळ ठोकताळा असा, की दर पिढीला एखाददुसरा बाहेरचा प्राणी येऊन वीण करत राहिला, तर दोन गट फार दूर जात नाहीत.

मग ये-जा तोडली तर नवी प्रजाती मिळेल, असं एका मुलाने हुशारीने विचारलं होतं. मिळणार नाही, कारण त्याला लागणारा काळ त्या लहान गटाकडे नसतो. आधी जवळच्या नात्यातली वीण होते, मग दोष वर येतात. ओडिशातल्या सिमिलीपालचे काळपट पट्ट्यांचे वाघ पाहायला विलक्षण वाटतात. बंगळूरच्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की तो रंग एका जनुकातल्या एका बदलामुळे आहे, आणि तो तिथे इतका वाढला याचं कारण तो गट लहान आणि इतरांपासून तुटलेला आहे. आपण त्या वाघांचे फोटो कौतुकाने फिरवतो, पण मला त्या रंगाची काळजी वाटते.

म्हणून पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी केलेले नऊ मार्ग मोलाचे आहेत. त्यातला सर्वात लांब ७५० मीटरचा. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ टिपले गेले आहेत. कन्हा, पेंच, नागझिरा, ताडोबा यांना जोडणारे जंगलाचे पट्टे खाणींनी आणि रस्त्यांनी तोडू नयेत, हे मी प्रत्येक व्यासपीठावर सांगतो आणि सांगत राहणार.

नवी प्रजाती तयार होताना कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का?

हो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर फिंच पक्षी मोजत होतं. १९८१ मध्ये १०० किलोमीटरहून दूरच्या बेटावरून एक परका नर आला. त्याने स्थानिक प्रजातीच्या मादीशी जोडी जमवली. त्यांच्या वंशजांचं गाणं आणि चोच वेगळी, त्यामुळे स्थानिक माद्या त्यांना भाव देईनात. मग ते आपसांतच वीण करू लागले आणि काही पिढ्यांत वेगळा वंश उभा राहिला. तो टिकेल का, हे काळ ठरवेल.

वनस्पतींत तर नोंदी आणखी स्पष्ट आहेत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात युरोपातून आलेल्या तणांचे संकर झाले, गुणसूत्रं दुप्पट झाली, आणि दोन नव्या प्रजातींची नोंद १९५० मध्ये झाली. सस्तन प्राण्यांत मात्र पूर्ण फूट पडायला बहुधा लाखो वर्षं जातात.

'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी येते, म्हणजे ती नुकतीच तयार झाली का?

नाही. ती होतीच, आपल्याला माहीत नव्हती. महाराष्ट्रात अलीकडे डोंगरकड्यांवर राहणाऱ्या छोट्या पालींच्या बऱ्याच प्रजातींची नव्याने नोंद झाली आहे. एका डोंगरावरची पाल मधलं पठार ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जात नाही. त्या फार जुन्या काळापासून वेगळ्या आहेत, डीएनए तपासल्यावर आपल्याला उमगलं.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?

आपण आजच्या माकडांपासून झालो नाही. चिंपांझी आणि आपण यांचे पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकच होते, नंतर दोन फांद्या झाल्या. एक फांदी फुटली म्हणून दुसरी सुकायचं कारण नाही.

दहावीच्या परीक्षेसाठी यातलं किती लागतं?

राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. परीक्षेत व्याख्या पुस्तकातलीच लिहा. उदाहरण म्हणून कपाशी लिहिलीत तर तपासणाऱ्यांनाही बरं वाटेल.

प्रजाती नष्ट होताहेत, पण नव्याही तयार होतात. मग भरपाई होणार नाही का?

आपल्या हयातीत नाही, आपल्या नातवंडांच्याही नाही. डायनासोर गेल्यावर सस्तन प्राण्यांचे नाना प्रकार उभे राहायला लाखो वर्षं लागली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या मातीत त्या डायनासोरांची हाडं आणि दगड झालेलं शेण आजही मिळतं. ते गेले, त्यांच्यासारखं परत काही आलं नाही. मेळघाटातला रानपिंगळा शंभरहून अधिक वर्षं संपला असंच समजलं जात होतं, १९९७ मध्ये तो खानदेशात पुन्हा दिसला. तो खरोखर संपला असता, तर गावातला साधा पिंगळा त्याची जागा घेऊ शकला नसता.

मुलांना हे सगळं दाखवायला कुठे नेऊ?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कपाशी फुलावर असते, तेव्हा देशी आणि अमेरिकन दोन्ही लावलेला शेतकरी शोधा आणि फुलं शेजारी ठेवून दाखवा. घरच्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी छोटी अळी सापडली तर मारू नका. ती मॉरमॉनची असू शकते, मोठी झाल्यावर हिरवी होते. जाळीच्या डब्यात रोज ताजी पानं देऊन वाढवा. मादी निघाली तर तिन्हींपैकी कोणतं रूप आहे ते मुलांनाच ओळखू द्या. अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, आणि गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र एका दिवसात उरकू नका, दोन वेगळे रविवार ठेवा. टाकळीचे जीवाश्म शोधायला मुलांना पाठवू नका, तिथे आता दाट वस्ती आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड मात्र रस्त्यावरूनही दिसतो.